उभ्या क्रेनची चौकशी

माझी सगळी नोकरी एसटीत मार्ग तपासणीवर गेली. म्हणजे फुलंब्रीच्या, सिल्लोडच्या नाहीतर गंगापूरच्या रस्त्यावर एखाद्या लिंबाखाली जीप लावून उभं राहायचं, येणाऱ्या गाडीला हात करायचा, आत चढायचं आणि म्हणायचं, सगळ्यांनी तिकिटं हातात धरा. लोकांना वाटतं आम्ही तिकीट बघतो. तिकीट शेवटी बघायचं, आधी तोंड बघायचं. डोळे मिटून पडलेला बहुतेक वेळा खरंच झोपलेला असतो. विनातिकीटवाला जागा असतो आणि आपल्याकडं बघून ओळखीचं हसतो. पासाची मुदत संपलेली असली की माणूस नेमका तारखेवर अंगठा ठेवून पास दाखवतो. अशा वेळी भांडायचं नसतं. अंगठा काढा, एवढंच म्हणायचं असतं.

हा गुण घराण्यातलाच. निजामावरच्या पोलिस ॲक्शननंतर माझे वडील सिल्लोडकडचं गाव सोडून शहरात आले. त्याआधी गावात काय पाहिलं ते कधी बोलले नाहीत. पण दार वाजलं की आतून विचारायचे, कोण? नाव सांगितलं की पुन्हा विचारायचे, आणि संगं कोण? मगच कडी निघायची. मी त्यांचाच मुलगा. निवृत्त झालो तेव्हा डेपोत सत्कार झाला, शाल मिळाली. ती मी घरी आणून उलटीसुलटी करून पाहिली, तेव्हा बायकोनं कपाळावर हात मारला.

मुलगी एकुलती एक. शहरातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात ती चष्म्याचे नंबर काढायची, स्वतःच्या स्कूटीवर जायची यायची. तिला स्थळं यायला लागली आणि मी प्रत्येक स्थळाला अंगठा काढायला लावू लागलो. एकाची कायमची नोकरी निघाली ती ठेक्यावरची. एकाची गोदाकाठची बागायत निघाली ती चुलत्याची. दोन्ही वेळा घरातले आधी माझ्यावर चिडले आणि मग गप्प बसले. त्यामुळे माझा हात जरा वरच होता, हे खोटं कशाला बोलू.

तिसरं स्थळ मेव्हण्यानं आणलं. मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, फुलंब्रीला शेती करून शहरात कंपनीत नोकरीला येणारा. सरळ माणूस आहे, म्हणजे कुणीही फसवावं असा. मुलगा गंगापूर तालुक्यातला. घरी ऊस, दोन भाऊ, आईवडील हयात. मुलानं तंत्रनिकेतनातून डिप्लोमा केलेला आणि नोकरी कुठं, तर समुद्रावर. आमच्या सात पिढ्यांत समुद्रावर कुणी गेलेलं नव्हतं. आमचं पाणी म्हणजे जायकवाडीचं.

मुलगी पाहायला ते आले. मुलगा अंगानं बारीक, काळासावळा, शर्ट साधा. चहाच्या आधी पाणी प्यायला. मी कामाचं विचारलं तेव्हा म्हणाला, बंदरात जहाजावरचे मोठाले डबे उतरवायला क्रेन असतात. एका बंदरातली क्रेन दुसऱ्या बंदरात न्यायची असली की ती बार्जवर चढवून आम्ही समुद्रातून नेतो. बार्ज म्हणजे काय तेही त्यानं सांगितलं. सपाट लोखंडी तराफा, त्याला स्वतःचं इंजिन नसतं, पुढून दुसरी बोट ओढते.

"सोडवून नेत असाल," मी म्हटलं.

"नाय. उभीच."

"उभी म्हणजे?"

"हाय तशी उभी, मामा."

केवढी असते म्हणून विचारलं तर त्यानं जरा विचार केला आणि म्हणाला, आपल्या दौलताबादचा चांदमिनार धरा, कमी जास्त तेवढी.

मी मनात म्हटलं, वा. जालना रोडवर अवजड ट्रेलर जाताना मी हजारदा पाहिलेत. कारखान्याची एक टाकी न्यायची तर पुढं दोन माणसं बांबूनं विजेच्या तारा उचलत चालतात, मागं गाड्यांची रांग लागते. जड वस्तू न्यायची तर आधी ती खोलतात, आडवी करतात, बांधतात. आणि हा पठ्ठ्या चांदमिनार उभाच्या उभा तराफ्यावर ठेवून समुद्रातून नेतोय. लग्नासाठी माणसं बरंच काही फेकतात, पण एवढं उंच फेकलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

त्यानं मोबाइलवर फोटो दाखवला. निळं पाणी, सपाट बार्ज आणि त्यावर खरंच एक प्रचंड क्रेन उभी. फोटोत माणूस एकही नव्हता. मी विचारलं, यात तुम्ही कुठं आहात? तो म्हणाला, फोटो मीच काढला, मी कसा दिसणार. उत्तर बरोबर होतं आणि म्हणूनच ते मला आवडलं नाही. नवखा खोटारडा फार बोलतो, मुरलेला विचारलं तेवढंच बोलतो. हा विचारलं तेवढंच बोलत होता.

मुलीला नेमकं तेच आवडलं. ते गेल्यावर ती मला म्हणाली की याआधीचे दोघंही स्वतःबद्दल बोलायचे थांबत नव्हते, हा निदान ऐकून घेतो. आईला तिनं सरळ हो सांगितलं. दोघांचं फोनवर बोलणं सुरू झालं. मुलाकडच्यांचा निरोप आला की तो लवकरच पुढची क्रेन घेऊन निघणार आहे, एकदा निघाला की हंगामातले मुहूर्त जातील, तेव्हा काय ते आधी कळवा, वैजापूरचंही एक स्थळ सांगून आलंय. घाई करणाऱ्यावर माझा आधीपासून राग आहे. गाडी सुटायच्या घाईतच लोक तिकीट चुकवतात.

आमच्याकडं सोयरीक ठरायच्या आधी चौकशीला जातात. ती उघड करायची नसते. मुलीकडचे आलेत हे कळलं की गावात कुणीतरी जळका निघतो आणि चांगली सोयरीक मोडतो, म्हणून दुसरंच काहीतरी निमित्त काढायचं. मी मेव्हण्याला घेऊन त्या गावाला गेलो आणि उसाचं बेणं बघायला आलोय असं सांगितलं. इस्त्रीचे शर्ट घालून. मेव्हणा शेतकरी असून त्याला बेण्याचे दोन शब्द नीट बोलता येईनात, कारण त्याला खोटं बोलायची सवय नाही. कटिंगच्या दुकानात बसलो तर कारागीर आम्हाला बघून हसला आणि न विचारताच म्हणाला, पोरगं सोन्यासारखं हाय, बिनघोर द्या. मी त्याला विचारलं, काय द्या? तो म्हणाला, बेण्याचं आवतन द्या.

म्हणजे गाव ओळखून होतं. अशा वेळी शहाण्या माणसानं परत फिरावं. मी पुढं गेलो, कारण कारागिराचं गोड बोलणं मला पटलं नव्हतं. बांधावर मुलाच्या भावकीतला एक जण भेटला. बांधावरून यांचं त्यांचं वाकडं आहे हे मला त्याच्या पहिल्या वाक्यात समजलं, तरी मी त्याच्याजवळ बसलो. तो तंबाखू मळत म्हणाला, बोटीवर जातो म्हणतेत, कुणी बघितलंय? महिना महिना फोन लागत नाय. आता तुमीच काय ते समजा. एवढं बोलून तो उठला. मेव्हणा म्हणाला की हा माणूस कुसका आहे, याचं काय ऐकता. मला मात्र साऱ्या गावात तो एकटाच भरवशाचा वाटला. त्याला कशावरच विश्वास नव्हता.

महिना महिना फोन न लागणारा माणूस कुठं असू शकतो, याचा मी बसमध्ये येताना विचार केला. तुरुंगात. किंवा कोकणात दुसरं बिऱ्हाड करून. घरी येऊन मी हे सगळं सांगितलं. मुलगी म्हणाली, समुद्रात रेंज नसते, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलंय. मी म्हटलं, तेच तर, पहिल्याच दिवशी कामून सांगितलं? ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही जाऊन बघा. क्रेन खोटी निघाली तर मी परत त्यांचं नाव काढणार नाही. खरी निघाली तर तुम्ही हो म्हणायचं." मी कबूल झालो. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. क्रेन खोटी निघणार याची मला खात्री होती.

मुलाला फोन केला. मला वाटलं तो टाळाटाळ करील, पास मिळत नाही म्हणेल. तो म्हणाला, या, क्रेन चढवायची आहे तेव्हाच या. मी आणि मेव्हणा कोकणातल्या त्या बंदरावर पोचलो तेव्हा सकाळ होती आणि अंगाला चिकट घाम येत होता. दारावरच्या पहारेकऱ्यानं आमची ओळखपत्रं घेतली, फोटो बघितला, माझं तोंड बघितलं, पुन्हा फोटो बघितला. कोणाकडं, कशासाठी, नातं काय. मी म्हटलं, अजून ठरलेलं नाही. त्यानं आत फोन लावून खात्री केली, मग दुसऱ्या नंबरवर लावून पुन्हा केली. मेव्हणा फुगला होता. मला मात्र त्याचं काम आवडलं.

आत गेल्यावर डोक्याला हेल्मेट दिलं, अंगात पट्टेवालं जाकीट, आणि जमिनीवरच्या पिवळ्या रेघेच्या पलीकडं यायचं नाही अशी ताकीद. मग मी मान वर केली.

क्रेन होती. चार लोखंडी पाय, एकेक आमच्या गल्लीतल्या घराएवढ्या रुंदीचा वाटावा असा, आणि त्यावर चढत चढत गेलेलं लोखंड, शेवटी आकाशात वर केलेला लांब हात. मेव्हण्याचं हेल्मेट मान वर करताना मागं पडलं. धक्क्याला लागून बार्ज उभा होता, आणि तोही मुलानं सांगितला तसाच, सपाट, इंजिनाशिवायचा. तरी मी स्वतःला म्हटलं, क्रेन आहे, बार्ज आहे, पण चढवतात कुठं? ते पाहिल्याशिवाय काही खरं नाही.

मुलगा आला, पाया पडला आणि थोडक्यात सांगून परत गेला. क्रेनच्या पोटाखाली कमरेएवढ्या बुटक्या गाड्या घातलेल्या होत्या, चाकंच चाकं असलेल्या. त्या खालून क्रेनला जरा उचलतात आणि चालायला लागतात. चालवणारा गाडीत बसत नाही, गळ्यात बटणांचा डबा अडकवून बाजूनं चालतो. खरी मेख पुढं आहे. क्रेनचं वजन बार्जवर आलं की बार्ज खाली बसतो, धक्का वर राहतो आणि मध्ये पायरी पडते. तशी पायरी पडली तर सगळं संपलं. म्हणून भरती चढत असतानाच क्रेन चढवायची. वरून वजन बार्जला दाबतं, खालून भरती उचलते, आणि बार्जच्या पोटातल्या टाक्यांमधलं पाणी पंप लावून काढत राहायचं. धक्का आणि बार्ज यांची पातळी हलता कामा नये. भरती उतरायला लागायच्या आत क्रेन पूर्ण वर पाहिजे.

भोंगा झाला. पिवळे दिवे फिरायला लागले. क्रेन चालते आहे असं मेव्हणा म्हणाला, पण मला ती हलताना दिसेना. मला वाटलं, इथंच गोम आहे. मी एका दिव्याच्या खांबाशी उभा राहिलो, एक डोळा मिटला आणि क्रेनचा पाय खांबाच्या कडेला लावून धरला. थोड्या वेळानं पाय खांबाच्या आड गेला. चांदमिनार चालत होता. मला भीती वाटली. जमीन आपल्या पायाखालची सरकते आहे असं वाटून मी खांब धरला, आणि मेव्हण्यानं माझा दंड धरला.

पुढचे पाय बार्जवर आले होते, मागचे अजून धक्क्यावर. आणि त्या क्षणी गाड्यांपुढं उभं राहून खुणा करणाऱ्या मुलानं हात वर केला. भोंगा थांबला, गाड्या थांबल्या. पंपाजवळचा माणूस ओरडला की आकडे बरोबर आहेत. एक वयस्क साहेब तरातरा चालत आला आणि भरतीकडं बोट दाखवून बोलायला लागला. मुलानं त्याच्याकडं बघितलंही नाही. वाकून धक्क्याच्या काठाशी गेला, पोटावर झोपला, बार्ज आणि धक्क्यामधल्या फटीत डोकं घातलं. मग उठून बार्जला बांधलेल्या दोरखंडांपाशी गेला, एकेकावर हाताचा तळवा ठेवून उभा राहिला. मग पंपाकडं गेला आणि आकडा स्वतः वाचला. सगळे उन्हात उभे. पाणी चढत होतं.

काही निघालं नाही. सगळं ठीक होतं. त्यानं हात खाली केला, भोंगा झाला आणि क्रेन पुन्हा निघाली. साहेबाची त्यानं माफी मागितली नाही. माझ्या शेजारी हातमोजे काढून उभा असलेला एक वेल्डर स्वतःशीच पुटपुटला, हे रोजचंच आहे, याला स्वतःच्या सावलीचाही भरवसा नाही. मी त्याच्याकडं रागानं पाहिलं. त्याला काय कळणार? काहीतरी दिसलं म्हणून गाडी थांबवणारे पुष्कळ असतात. काही दिसत नसताना थांबवायला छाती लागते. मी जाकिटाच्या आत फुलून गेलो होतो.

क्रेन चढली. मग तिचे पाय बार्जच्या लोखंडाला तिरके खांब वेल्डिंग करून जखडायचं काम सुरू झालं. समुद्रात बार्ज डोलतो तेव्हा एवढ्या उंचीचं लोखंड वर केवढं झोके घेत असेल, याची कल्पना मला आता यायला लागली होती. दोघं जण वेल्डिंग करायचे, तिसरा तपासायचा, आणि तिसऱ्यानं तपासलेलं हा मुलगा हातोडी घेऊन एकेका सांध्यावर ठोकत पुन्हा तपासायचा. एक सांधा त्यानं कापून परत करायला लावला. वेल्डर हातमोजे घालून परत बसला. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे सगळे एका सावलीला बसले आणि हा डबा घेऊन दुसऱ्या. मला वाटलं, बरोबर आहे, मार्ग तपासणीवाल्यालाही कंडक्टर आपल्यात बसवून घेत नाहीत. असा माणूस मी आयुष्यात दुसराच पाहत होतो. पहिला रोज दाढी करताना दिसायचा.

कँटीनमध्ये चहा घेताना तो म्हणाला, "मामा, तुमी गावात बेणं बघायला आलते."

मी हसलो. लपवण्यात अर्थ नव्हता.

"मी बी माणूस लावला होता," तो म्हणाला.

शहरात त्याचा एक मित्र होता. त्यानं काही दिवस दवाखान्यासमोरच्या टपरीवर बसून पाहिलं होतं. मुलगी किती वाजता सुटते, कोणत्या रस्त्यानं घरी येते, औरंगपुऱ्यात मैत्रिणींबरोबर कुठं थांबते, हे सगळं मुलाला ठाऊक होतं. एकदा स्कूटी बंद पडली तेव्हा तिला कुणीतरी मोटारसायकलवर घरापर्यंत सोडलं होतं. ते कोण होते, असं त्यानं मला विचारलं. मी सांगितलं, दवाखान्यातला चष्मे बसवणारा, लग्न झालेला, दोन मुलांचा बाप. तो हं म्हणाला. इकडचं तिकडचं बोलला, समुद्राला वारा कसा लागतो ते सांगितलं, आणि मग चहा संपता संपता म्हणाला, ते चष्मेवाले नेहमी सोडतात का? मी त्याच्याकडं कौतुकानं पाहिलं. मीही असंच विचारत असे. मेव्हण्यानं कप अर्धा भरलेलाच खाली ठेवला.

येताना बसमध्ये मेव्हणा तिकिटाच्या घड्या घालत बसला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "दाजी, पोरगं कामाचं लई चोख हाय. पण घरात..." आणि पुढं बोललाच नाही. मी दोनदा विचारलं, पण काय? तो खिडकीबाहेर बघत राहिला. मला संशय आला की आपण आणलेलं स्थळ आता माझ्या पसंतीचं झालं, म्हणजे श्रेय माझं झालं, हे त्याला खुपतंय.

घरी पोचलो तेव्हा दुपार होती. मुलीची सुट्टी होती. बायको ताटात गहू निवडत बसली होती. मी हातपाय धुतले आणि सगळं साग्रसंगीत सांगायला बसलो. पहारेकरी, क्रेन, भरती, खांबाआड गेलेला पाय. मुलगी पुढं सरकून ऐकत होती, तिचं तोंड उजळलं होतं. त्यानं गाडी थांबवली आणि काहीच निघालं नाही, हे सांगितलं तेव्हा ती हसली. मी म्हटलं, तुझं खरं निघालं, मी शब्द दिला होता, माझ्याकडून हो. एरवी इथं थांबलो असतो. पण सगळ्यात चांगली गोष्ट मी शेवटी राखून ठेवली होती. मी तिला टपरीवरच्या मित्राचं सांगितलं, औरंगपुऱ्याचं सांगितलं, मोटारसायकलचं सांगितलं. म्हटलं, बघ, डोळे झाकून उडी मारणारा माणूस नाही हा.

ती मागं सरकली. म्हणाली, "टपरीवर बसवलं होतं? माझ्यावर?"

"आपण नाही का गावाला गेलो?"

"तुम्ही त्यांच्या घराची चौकशी केलीत. त्यांनी मला विचारायचं होतं. रोज बोलत होते ना माझ्याशी." तिनं ओढणी हातात गोळा केली आणि सोडली. "दवाखाना सुटला की किती वाजता निघालीस, असं ते रोज विचारायचे. मला वाटायचं काळजीनं विचारतात. त्यांना आधीच माहीत असायचं, पप्पा. मी खरं सांगते का ते बघत होते." मग ती म्हणाली, "मला नको."

मी चकित झालो. मग चिडलो. क्रेन खरी, नोकरी खरी, शेती त्याची स्वतःची, सुपारीचंही व्यसन नाही. ज्याच्यासाठी मला कोकणात पाठवलं त्यालाच आता नको म्हणते. मेव्हण्यानं वाटेतून हिला फोन करून कान भरले असतील, असंही माझ्या मनात येऊन गेलं. मी बायकोकडं वळलो आणि म्हटलं, तू तरी सांग हिला. लाखात एक पोरगा आहे. तिथं उभं राहून मला वाटलं, हा तर मीच.

बायकोनं ताटातला खडा उचलून बाजूला ठेवला. "तुमच्यासारखाच हाय म्हणता?"

"व्हय," मी म्हटलं, आणि अभिमानानं म्हटलं.

"मग नको," ती म्हणाली. "मी भाजी घेऊन घरात येते तवा तुमी आदी घड्याळाकडं बघता, मग माझ्याकडं. लगीन झाल्यापासून बघते मी. हिला तसलं नको."

तिचा आवाज चढलेला नव्हता. गहू निवडायचं तिनं थांबवलंही नव्हतं. मला राग आला होता आणि फार वाईटही वाटत होतं, आणि दोन्ही कुणाबद्दल ते मला कळेना. मुलगी उठून आईच्या शेजारी जाऊन बसली आणि ताटाची दुसरी कड तिनं आपल्याकडं ओढली. मी बाहेर जाऊन ओट्यावर बसलो. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघायचं नाही असं ठरवून बसलो, म्हणजे माझं सगळं लक्ष तिकडंच होतं.

नकार कळवायची आमच्याकडं रीत आहे. कुणाला दुखवायचं नसतं, पत्रिका जमत नाही असं म्हणायचं. मेव्हण्याकरवी मी तसा निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी मुलाचा मला थेट फोन आला. मागं वारा घोंगावत होता आणि लोखंडावर काहीतरी आपटत होतं. क्रेन घेऊन ते निघाले होते, किनाऱ्याची रेंज अजून सुटली नव्हती.

"मामा, पत्रिका तर आदीच जुळली होती," तो म्हणाला. "कुणी काय सांगितलं का माझ्याबद्दल?"

मी म्हटलं, कुणी काही सांगितलं नाही.

"भावकीतलं कोण?"

"नाही रे बाबा."

"त्या चष्मेवाल्यांनी?"

आवाज तुटक येत होता, पण त्यातला ताण मला स्वच्छ ऐकू येत होता. त्याला खरंच हवी होती ती. मला त्याची दया आली. पत्रिकेचं निमित्त सोडून मी त्याला खरं ते सांगितलं, की कुणीही काहीही सांगितलेलं नाही, मुलीनंच नको म्हटलं, आपणहून.

तो म्हणाला, बरं मामा, आणि त्यानं फोन कट केला, की रेंज गेली, कोण जाणे. त्याचा माझ्यावर विश्वास बसला नव्हता. त्याच्या जागी मी असतो तर माझाही बसला नसता.